ओव्हनविना संत्र्याचा केक

प्रश्न : मुलीचा वाढदिवस डिसेंबरात आहे. घरी ओव्हन नाही आणि विकतचा केक व सजावट परवडत नाही. घरीच काय करता येईल?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : डिसेंबरात आपल्याकडे आंबिया बहाराची संत्री बाजारात असतात, म्हणून संत्र्याचा बिनअंड्याचा केकच करावा, असे मी आग्रहाने सुचवीन. दीड वाटी मैदा, 1 चमचा बेकिंग पावडर व अर्धा चमचा खाण्याचा सोडा एकत्र चाळून घ्या. दुसऱ्या भांड्यात पाऊण वाटी पिठीसाखर, अर्धी वाटी तेल आणि 1 वाटी संत्र्याचा रस घोटा. रस मात्र बिया न चिरडता आयत्या वेळीच काढावा, कारण तो काढून ठेवला की कडवटतो. दोन्ही एकत्र करताच रसातील आम्ल आणि सोडा यांपासून वायू तयार होऊ लागतो. तेव्हा मिश्रण फार न फेटता तेल लावलेल्या डब्यात लगेच ओता. जाड कढईत मीठ पसरून, त्यावर स्टँड व झाकण ठेवून ती 10 मिनिटे तापवा, मग डबा आत ठेवून मंद आचेवर पाऊण तासाच्या आसपास भाजा. मधोमध खुपसलेली सुरी कोरडी निघाली की केक झाला.

साली फेकू नका. त्यांच्या बारीक पट्ट्या दोनदा पाणी बदलून उकळल्याने कडूपणा कमी होतो. नंतर त्या साखरेच्या पाकात पारदर्शक होईपर्यंत शिजवून केकवर मांडा. क्रीमपेक्षा मला हीच सजावट अधिक देखणी वाटते. पताकांसाठी घोटीव कागद आणि सुतळी पुरे.