दोन वीकेंडचं सर्टिफिकेट की दोन वर्षांचं एमपीटी?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातला पेच थोडक्यात असा: लेक इंदुरात बीपीटीची, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीची, इंटर्नशिप करतेय आणि ती संपायला तीन महिने उरलेत. तिला मणक्याच्याच रुग्णांत काम करायचं आहे. कुणीतरी तिला दोन वीकेंडचा कायरोप्रॅक्टिकचा, म्हणजे मणक्याला हाताने झटका देऊन उपचार करण्याचा, कोर्स सुचवलाय. फी 45 हजार, शेवटी प्रमाणपत्र, आणि ‘स्पाइन स्पेशालिस्ट’ अशी पाटी लावता येईल असं आश्वासन. मामा म्हणतात, कोर्स करून सुदामा नगरात क्लिनिक टाक. तिच्या बाबांना एमपीटी, म्हणजे फिजिओथेरपीचं पदव्युत्तर शिक्षण, हवं. आणि तुमच्या मनात आहे की यापेक्षा पुन्हा ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा देऊन डॉक्टर होणंच बरं का.

शेवटचा प्रश्न आधी घेते. मणक्याचा सर्जन व्हायचं तर एमबीबीएस साडेपाच वर्षं, एमएस किंवा डीएनबी ऑर्थोपेडिक्स तीन वर्षं आणि त्यावर एफएनबी स्पाइन सर्जरी ही राष्ट्रीय परीक्षा मंडळाची फेलोशिप दोन वर्षं. एकूण साडेदहा, आणि दर टप्प्याला नवी प्रवेश परीक्षा. न्यूरोसर्जरीतूनही मणक्याच्या शस्त्रक्रियेत जाता येतं, तो रस्ताही साधारण इतकाच लांब. ऑपरेशन थिएटरची ओढ असेल तर हे सगळं करावं. पण कंबर धरून आलेला माणूस चालता झाला की तिला आनंद होतो, असं तुम्हीच लिहिलंय. कंबरदुखीच्या बहुतेक रुग्णांना चाकू कधीच लागत नाही. ती आहे तिथे योग्य जागी आहे.

आता तो कोर्स. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्ये कायरोप्रॅक्टिकच्या शिक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात पूर्ण शिक्षणासाठी किमान 4,200 तास सांगितलेत, त्यातले 1,000 तास देखरेखीखाली रुग्ण तपासण्याचे. दोन वीकेंड म्हणजे रोज आठ तास धरले तरी 32 तास. शिवाय भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी वैधानिक परिषद नाही, म्हणजे त्या कागदामागे कुणीही जबाबदार उभं नाही. 32 तासांत एक गोष्ट मात्र नक्की शिकवता येते: मान किंवा कंबर वळवून ‘कट्’ असा आवाज काढणं. तो आवाज सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते त्याचा असतो. सरकलेलं हाड जागेवर बसल्याचा नसतो. हाताची ती लकब जमायला वेळ लागत नाही. कुणाला हात लावायचा नाही, हे कळायला वेळ लागतो.

आपल्याकडे मणक्याचा टीबी आजही दिसतो. रुग्ण साध्या पाठदुखीसारखाच येतो. विचारल्यावर कळतं की संध्याकाळी अंग तापतं, भूक गेलीय, वजन उतरलंय, दुखण्याने रात्री झोपमोड होते. अशा पोखरलेल्या मणक्यावर झटका दिला तर तो खचून पाय कायमचे जाऊ शकतात. साठी उलटलेल्या, हाडं ठिसूळ झालेल्या बाईच्या मणक्याला नुसतं वाकून बादली उचलतानाही फ्रॅक्चर होतं. मानेला जोरात फिरवल्याने रक्तवाहिनीचं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. विरळा, पण आहेत. आणि लघवी अडकली, बैठकीच्या जागेला बधिरपणा आला, तर रुग्णाला त्याच दिवशी सर्जनकडे पाठवायचं, उद्यावर ढकलायचं नाही. पूर्वी कॅन्सर झाला होता का, स्टिरॉइड किती वर्षं चालू आहेत, पडला होता का, हे प्रश्न प्रत्येक नव्या रुग्णाला विचारायचेच. ही यादी पाठ होणं सोपं आहे. पण बाहेर वीस जण खोळंबलेले असतानाही ती न गाळणं, यासाठी डोक्यावर कुणी तरी अनुभवी माणूस लागतो. म्हणून मी बाबांच्या बाजूने आहे. हे 45 हजार भरू नका.

पण नुसतं ‘एमपीटी कर’ म्हणूनही भागत नाही. उरलेले तीन महिने हातात आहेत आणि ते फार मोलाचे आहेत. तिने वरिष्ठांना विनंती करून जमेल तेवढे दिवस ऑर्थोच्या ओपीडीत लावून घ्यावेत. एका रुग्णाची पूर्ण न्यूरो, म्हणजे नसांची, तपासणी पंधरा मिनिटांत, काहीही न गाळता करणं हे पहिलं लक्ष्य. घसरण नेमकी कुठे होते ते सांगते. पोटरीची ताकद मुलं हाताने ढकलून बघतात आणि ‘नॉर्मल’ लिहून मोकळी होतात. पोटरी इतकी बळकट असते की तिला चालवणारी एस-1 नस (मणक्यातून निघणाऱ्या नसांना असे क्रमांक असतात) कमजोर झाली तरी हाताच्या जोराला ती हार जात नाही. रुग्णाला भिंतीला बोटं टेकवून एका पायावर उभं करायचं आणि टाच दहा वेळा उचलायला लावायची. चांगल्या पायावर दहा होतात आणि दुखऱ्या पायावर चौथ्यालाच टाच अर्ध्यावरून खाली येते, तेव्हा खरं काय ते समजतं. अंगठा वर उचलण्याची ताकद एल-5 ची, गुडघ्याचा झटका मुख्यतः एल-4 चा, घोट्याचा एस-1 चा. पाय सरळ उचलण्याच्या चाचणीत मांडीमागचा ताण आणि नसेची कळ यांची गल्लत हमखास होते. कळ गुडघ्याखाली उतरते का आणि पाऊल वर वळवल्यावर वाढते का, हे विचारल्याशिवाय ‘पॉझिटिव्ह’ लिहू नये.

भाषेचंही बघावं लागतं. इंदुरात रुग्ण हिंदीत नाहीतर माळवीत बोलणार. ‘पैर सुन्न हो गया’ म्हणताना कुणाला बधिरपणा सांगायचा असतो, कुणाला मुंग्या, तर कुणाला पायात जोरच नाही असं म्हणायचं असतं. तिन्हींचे अर्थ वेगळे, म्हणून कापूस लावून कळतो का ते विचारावं आणि पायरी चढायला लावून बघावं.

दुसरं काम, एक वही. रुग्णाचं नाव नको, क्रमांक पुरे. वय, काम, दुखणं कधीपासून, तपासणीत काय सापडलं, काय उपचार केले. सोबत कंबरदुखीने रोजची कामं किती अडतात ते मोजणारी ओस्वेस्ट्री प्रश्नावली: दहा प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 5 गुण, बेरीज 50 पैकी, ती दुपटीने टक्क्यांत. पहिल्या दिवशी, तिसऱ्या आठवड्यात आणि सहाव्या आठवड्यात भरून घ्यायची. दहा टक्क्यांच्या आसपास उतार पडला तर फरक खरा मानायचा. आणि जो रुग्ण मध्येच यायचा बंद झाला त्याच्यापुढे ‘बरा झाला’ लिहायचं नाही, फोन करून विचारायचं. नवी मुलं न परतलेल्या रुग्णांना बरं झालेलं धरतात आणि आपली पद्धत उत्तम चालते असा त्यांचा समज होतो. अशा पन्नास नोंदी घेऊन मुलाखतीला गेली तर तिला ओळखीची चिठ्ठी लागणार नाही.

एमपीटी दोन वर्षांचं. शाखा मस्क्युलोस्केलेटल, म्हणजे हाडं-स्नायूंची, घ्यावी. कॉलेज निवडताना इमारत बघू नका. मणक्याची वेगळी ओपीडी आहे का, शस्त्रक्रियेनंतरचे रुग्ण विद्यार्थ्यांना मिळतात का आणि शोधनिबंधाचे मार्गदर्शक स्वतः रुग्ण बघतात का, हे आत्ता शिकत असलेल्या मुलांना विचारा. इंदूरबाहेर जायची तयारी असेल तर नवी दिल्लीचं इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर आणि कटकजवळचं स्वामी विवेकानंद राष्ट्रीय पुनर्वसन संस्थान या दोन्ही ठिकाणी प्रवेशाचा प्रयत्न करण्यासारखा आहे. मज्जारज्जूच्या दुखापतीचे रुग्ण जवळून बघणं हे वेगळंच शिक्षण आहे. ज्याचे पाय गेलेत त्याला व्हीलचेअरवरून पलंगावर यायला शिकवलेल्या मुलीच्या हाताला आपोआप सावधपणा येतो.

लहान कोर्स त्यानंतर. ते वाईट नाहीत, फक्त पायाशिवाय करू नयेत. मॅकेन्झी या मणक्याच्या तपासणी-व्यायामाच्या पद्धतीचं शिक्षण ए ते डी अशा चार भागांत होतं: ए कमरेचा, बी मान-पाठीचा, सी आणि डी मध्ये त्यांचाच पुढचा अभ्यास आणि हातपाय. चारही झाल्यावर परीक्षा देऊन प्रमाणपत्र. वर्षाला एक भाग घ्यावा आणि मध्ये निदान तीस रुग्णांवर तो वापरून बघावा; ओळीने चारही केले तर हातात फक्त फाइल उरते. मुलिगन आणि मेटलंड या हाताने सांधे हलवण्याच्या पद्धतीही कामाच्या आहेत, आणि किशोरवयीन मुलींच्या पाठीला बाजूला पडणाऱ्या बाकासाठी श्रॉथचे व्यायाम. एमआरआय वाचायला जरूर शिकावं, पण त्याने रुग्णाला घाबरवायचं कसं नाही हेही शिकावं. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, काहीही न दुखणाऱ्या विशीतल्या लोकांत 37 टक्के आणि ऐंशीतल्या लोकांत 96 टक्के जणांच्या डिस्कमध्ये, म्हणजे मणक्यांमधल्या गादीत, झीज सापडली होती. सराफ्यात दिवसभर वाकून काम करणाऱ्या कारागिराला ‘तुमची गादी सरकली, आता जपा’ म्हटलं की तो हालचालच सोडतो आणि दुखणं वाढतं.

क्लिनिकची घाई नको, हे मामांना माझ्याकडून सांगा. एमपीटीनंतर दोन वर्षं एखाद्या मणक्याच्या सर्जनच्या ओपीडीशेजारी नोकरी करावी. तिने पाठवलेल्या रुग्णाचं पुढे काय निदान झालं हे तिला तिथेच कळेल, आणि तिची चूकही कुणी तरी दाखवेल. फिजिओथेरपी 2021 च्या संलग्न आरोग्य व्यावसायिक कायद्यात येते. राज्यातल्या नोंदणीची चौकशी कॉलेजच्या कार्यालयात आत्ताच करून ठेवा. पाटीवर पदवी आणि शाखा लिहिली की पुरे.

तरीही लेकीचं मन त्या कोर्सवर असेल तर पैसे भरण्याआधी तिने स्वतः फोन करून चार गोष्टी विचाराव्यात. एका शिक्षकामागे किती विद्यार्थी? खऱ्या रुग्णावर किती तास? नापास कुणाला करता का? आणि कोणत्या रुग्णांवर ही पद्धत वापरायची नाही, ती यादी पाठवाल का? चौथ्या प्रश्नाला ‘सबको चलता है’ असं उत्तर आलं, तर फोन ठेवून द्यावा आणि त्या पैशांत चांगला रिफ्लेक्स हॅमर, सांध्याचा कोन मोजायचा गोनिओमीटर आणि प्रवेश परीक्षेची पुस्तकं घ्यावीत. बाकीचे पैसे मॅकेन्झीच्या पहिल्या भागासाठी बाजूला ठेवा.