मेकॅनिकलला असलेल्या भाचीसाठी लॅपटॉप: पातळ आय७ घ्यावा की ग्राफिक कार्डवाला जाड आय५?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाची मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्स ही ड्रॉइंग-डिझाइनची (कॅड) सॉफ्टवेअर चालवायचीत, बजेट ६५ हजारांच्या आसपास. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुकानात दोन मशीन दाखवली. एक पातळ, आय७-१३५५यू, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक कार्ड नाही. दुसरं दोन किलोच्या वरचं, आय५-१३४२०एच, १६ जीबी रॅम, आरटीएक्स ३०५० ग्राफिक कार्ड. दुकानदार म्हणतो, आय७ म्हणजे टॉप, डोळे झाकून घ्या. सुट्टीत ती शिरोलीला तुमच्या वर्कशॉपवरही लॅपटॉप नेणार आहे.

डोळे उघडे ठेवा आणि दुसरं घ्या.

आय५, आय७ हे इंटेलच्या चिपचं नुसतं आडनाव झालं. माणूस कोण ते पुढच्या आकड्यावरून आणि शेवटच्या अक्षरावरून कळतं. १३५५यू मध्ये मोठे कोअर (चिपमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) दोन आणि छोटे आठ. १३४२०एच मध्ये मोठे चार आणि छोटे चार. तालमीच्या भाषेत सांगायचं तर एकीकडं दोन पैलवान आणि हाताखाली आठ पोरं, दुसरीकडं चार पैलवान आणि चार पोरं. आणि पैलवान म्हटला की खुराक आला. यू मालिकेची चिप मूळ १५ वॅटच्या हिशेबानं बनवलेली असते, एच मालिकेची ४५ वॅटच्या. पातळ बॉडीत उष्णता बाहेर टाकायला जागाच कमी, म्हणून तिथं यू बसवतात. गंमत म्हणजे आय५-१३३५यू मध्येही तेच दोन आणि आठ कोअर असतात. आय७ म्हणून जे जादा पैसे मोजता ते मुख्यतः थोड्या जास्त वेगाचे.

पण दुकानदार अगदीच खोटं बोलतोय असंही नाही. सॉलिडवर्क्समध्ये एखादा पार्ट काढताना, म्हणजे स्केच बदललं आणि खालची सगळी फीचर्स पुन्हा बनली, हे काम बहुतांशी एकाच कोअरवर चालतं. १३५५यू चा एक कोअर ५ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, १३४२०एच चा ४.६ पर्यंत. त्यामुळं एखादा ब्रॅकेट किंवा फ्लँज काढताना तो पातळ लॅपटॉप मागं पडणार नाही, उलट चटपटीत वाटेल. दुकानात दहा मिनिटं हाताळून फरक कळत नाही तो यामुळंच. फरक दिसतो तो सिम्युलेशन (पार्टवर ताण देऊन बघायचं गणित) लावल्यावर, रेंडर (फोटोसारखं चित्र) काढताना आणि कामाला वीस मिनिटं उलटल्यावर. चिप तापली की ती स्वतःच वेग उतरवते, आणि १५ वॅटवाली लवकर उतरवते.

एएमडी कंपनीच्या रायझन चिपचं मशीन दाखवलं तर तिथंही आकडा वाचा. रायझनच्या ७००० क्रमांकाच्या मालिकेत पहिला आकडा फक्त वर्ष सांगतो, आतली रचना किती जुनी ते तिसऱ्या आकड्यावर कळतं. ७५२०यू मध्ये तिसरा आकडा २, म्हणजे २०१९ सालची झेन २ रचना, कोअर चारच. ७५३०यू मध्ये ३, म्हणजे झेन ३, कोअर सहा. दोन्हींच्या डब्यावर ठळक अक्षरात 'रायझन ५' एवढंच असतं. ७५२०यू असलेलं मशीन कॅडसाठी घेऊच नका, कितीही स्वस्त मिळालं तरी. ७५३५एचएस चालेल.

आता रॅम. माझ्या मते सगळ्यात जास्त फसगत इथंच होते. ८ जीबी असेल तर विंडोज ११ आणि क्रोमचे दहाबारा टॅब मिळूनच निम्म्याच्या वर जागा खातात. त्यात वेगळं ग्राफिक कार्ड नसेल तर चिपमधलं ग्राफिक्स याच रॅममधून वाटा घेतं. उरलेल्या जागेत सॉलिडवर्क्सची असेंब्ली (अनेक पार्ट जोडलेलं मॉडेल) उघडली की रॅम भरते, मशीन एसएसडीचा, म्हणजे फाइली साठवायच्या डिस्कचा, आधार घेतं आणि माऊस अडखळायला लागतो. सोळा हवेतच.

'नंतर वाढवून घ्या की' असं दुकानात हमखास ऐकायला मिळेल. वाढवता येते का, हे तिथंच उभ्या उभ्या बघता येतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये जाऊन मेमरीवर क्लिक करा. खाली उजव्या बाजूला 'स्लॉट्स यूज्ड' अशी ओळ दिसेल आणि तिच्याखाली 'फॉर्म फॅक्टर'. स्लॉट 'दोनपैकी एक' आणि फॉर्म फॅक्टर 'एसओडीआयएमएम' असेल तर रॅमची दुसरी पट्टी टाकायला जागा आहे. फॉर्म फॅक्टरसमोर 'रो ऑफ चिप्स' लिहिलं असेल तर रॅम मदरबोर्डवर डकवलेली आहे. मग वेगळा रिकामा स्लॉट नसेल तर आठचे सोळा या जन्मी होणार नाहीत. माहितीपत्रकात 'एलपीडीडीआर' दिसलं तरी जवळपास नेहमी हाच अर्थ.

सोळा जीबीची एकच पट्टी असेल तर तीही वेळ आल्यावर जोडीनं करून घ्या. एका पट्टीवर मेमरीचा रस्ता अर्ध्या रुंदीचा राहतो. वेगळं कार्ड असेल तर हे फारसं जाणवत नाही, चिपमधल्या ग्राफिक्सवर चांगलंच जाणवतं. दुसरी पट्टी घेताना पहिलीच्याच जातीची घ्या. डीडीआर४ च्या खाचेत डीडीआर५ बसतच नाही.

ग्राफिक कार्डाबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. सॉलिडवर्क्सची अधिकृत मान्यता वर्कस्टेशन दर्जाच्या कार्डांना असते, आरटीएक्स ३०५० सारख्या गेमिंगच्या कार्डांना नाही. म्हणून त्यावर 'रिअलव्ह्यू' नावाचा चकाकी दाखवणारा पर्याय करडा, बंद दिसेल. मशीन खराब आहे असं समजून परत द्यायला धावू नका. कॉलेजच्या कामाला त्याची गरज नाही. तीनेकशे पार्टची असेंब्ली फिरवायला हे कार्ड पुरेसं आहे.

३०५० मध्ये ४ जीबी आणि ६ जीबी असे दोन प्रकार मिळतात, शक्यतो ६ जीबीचा घ्या. शिवाय एकाच नावाचं कार्ड एका लॅपटॉपमध्ये ३५ वॅटवर चालतं तर दुसऱ्यात ८० वॅटपर्यंत, आणि डब्यावर हे क्वचितच छापतात. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलच्या सिस्टिम इन्फॉर्मेशनमध्ये 'मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर' या ओळीत खरा आकडा असतो.

आणि एवढं करून कार्ड घेतलं तरी ते वापरलं जातंय का, हे बघावं लागतं. विंडोज कधी कधी वीज वाचवायला सॉलिडवर्क्स चिपमधल्या ग्राफिक्सवरच चालवते, कार्ड शेजारी झोपलेलं. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स असं जाऊन सॉलिडवर्क्स यादीत घाला आणि 'हाय परफॉर्मन्स' निवडा. मॉडेल फिरवताना टास्क मॅनेजरमध्ये एनव्हिडियाचा आलेख हलला पाहिजे.

एसएसडी ५१२ जीबीची पुरे, फक्त एनव्हीएमई, म्हणजे वेगवान प्रकारची, असल्याची खात्री करा. विंडोजमध्ये ती ४७६ जीबी दिसेल, कुणी चोरलेली नाही, मोजायची पद्धत वेगळी. दुसरा एम.२ स्लॉट (आणखी एक एसएसडी बसवायची खाच) रिकामा असेल तर उत्तमच. 'एआय पीसी'च्या स्टिकरसाठी जादा पैसे देऊ नका, सॉलिडवर्क्सला त्याचा उपयोग नाही. मॅक आणि स्नॅपड्रॅगनवाले लॅपटॉप बॅटरीला फार चांगले असतात, पण सॉलिडवर्क्स दोन्हीकडं अधिकृतपणे चालत नाही, त्यामुळं ते बाजूलाच ठेवा.

स्क्रीनकडं मात्र नीट बघा. या किमतीत बरेचदा २५० निट्स (उजेडाचं माप) आणि ४५ टक्के एनटीएससीचं (किती रंग दाखवतं त्याचं माप) पॅनेल बसवतात. त्यावर लाल रंग विटकरी दिसतो आणि खिडकीशेजारी बसलं की ड्रॉइंगच्या बारीक रेषा पुसट होतात. दुकानात कोरं पांढरं पान पूर्ण स्क्रीनवर उघडा, उजेड शंभर टक्के करा, मग बाजूनं आणि वरून बघा. पान पिवळट किंवा काळपट पडलं तर समजून जा. ३०० निट्स आणि शंभर टक्के एसआरजीबी (हेही रंगांचंच माप) मिळत असेल तर त्यासाठी दोनतीन हजार जास्त द्यायला हरकत नाही. पुढची काही वर्षं पोरीचे डोळे त्यावरच असणार.

बॅटरीचे 'आठ तास' मनावर घेऊ नका. वॅट-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते, ते विचारा. ५० वॅट-अवरची बॅटरी असेल आणि साध्या टायपिंगला १० वॅट जात असतील तर पाच तास. तेच सॉलिडवर्क्स आणि कार्ड मिळून ४५-५० वॅट ओढतात, म्हणजे तासाभरात गाशा गुंडाळायचा. शिवाय बॅटरीवर असताना कार्डाचा वेगही कमी केलेला असतो. म्हणजे कॅडच्या कामाला चार्जर जवळ हवाच, आणि तो साधारण १२० ते १५० वॅटचा, विटेसारखा जड असतो. दप्तराचं वजन धरताना तोही मोजा.

आपल्याकडं पावसाळ्यात लाइट येते-जाते, व्होल्टेज खाली-वर होतं. त्यासाठी स्टॅबिलायझर घ्यायचं कारण नाही. चार्जरच्या पाठीवर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं, तेवढं तो सांभाळतो. स्पाइक बस्टरवाली पट्टी मात्र घ्या. आणि लॅपटॉपच्या धातूच्या बॉडीला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं तर लॅपटॉपवर राग काढू नका. पेठांमधल्या जुन्या घरांत तिसऱ्या पिनेचं भोक असतं, मागं अर्थिंगची वायर नसते. चार्जरमधून गळणारा बारीक करंट जायला वाट नसते, तो बॉडीवर राहतो. वायरमनला बोलवून अर्थिंग करून घ्या, तीन पिनेच्या चार्जरला दोन पिनेचा जोड लावू नका.

खरेदीच्या वेळी डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा. डब्यावरचा, लॅपटॉपच्या बुडावरचा आणि बिलावरचा सीरियल नंबर एकच हवा. तो कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधी सुरू झाली ते बघा. चार महिन्यांपूर्वीची तारीख निघाली तर विक्रेत्याकडून बिलाच्या तारखेनुसार दुरुस्त करून घ्या. वॉरंटी 'ऑनसाइट' (माणूस घरी येऊन दुरुस्ती) आहे का, आणि नसेल तर मशीन कोल्हापुरातच दुरुस्त होतं की पुण्याला पाठवतात, हे आधी विचारा. परीक्षेच्या तोंडावर पंधरा दिवस लॅपटॉपविना काढणं परवडत नाही. जीएसटी १८ टक्के असतो, म्हणजे ६५ हजारांत सुमारे ९,९०० रुपये. दुकानदार वर्कशॉपच्या जीएसटी नंबरवर बिल करून कराचा परतावा घ्या म्हणेल, पण तो धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूवर असतो, भाचीच्या अभ्यासाच्या लॅपटॉपवर नाही. तसंच, सॉलिडवर्क्सच्या विद्यार्थी आवृत्तीतून काढलेल्या ड्रॉइंगवर शैक्षणिक वापराचा शिक्का उमटतो, ते गिऱ्हाइकाला देता येत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: 'सेटअप करून देतो' म्हणून दुकानातला पोरगा स्वतःचं माइक्रोसॉफ्ट खातं टाकेल, ते टाकू देऊ नका. भाचीच्या खात्यानंच सुरू करा. सोबत मिळणारं ऑफिस ज्या खात्यावर ॲक्टिव्हेट होतं त्याचंच होऊन बसतं. त्याहून वाईट म्हणजे विंडोज ११ बऱ्याच मशीनवर आपोआप डिस्क कुलूपबंद करते आणि त्याची ४८ अंकी चावी त्या पहिल्या खात्यात ठेवते. पुढं कधी बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट झालं किंवा मदरबोर्ड बदलला की निळी स्क्रीन ती चावी मागते. चावी अनोळखी माणसाच्या खात्यात असेल तर आतला प्रोजेक्ट गेला म्हणून समजा. घरी आल्यावर खात्यात जाऊन ती चावी बघा आणि वहीत उतरवून ठेवा.

राहिलं वर्कशॉप. ग्राइंडर आणि लेथच्या जवळच्या टेबलावर लॅपटॉप ठेवू देऊ नका, ऑफिसच्या खोलीतच ठेवा. लॅपटॉपचा फॅन बुडातून हवा ओढतो, हवेबरोबर लोखंडाचा बारीक भुगा आत जातो. तो वीजवाहक असल्यानं बोर्डवर बसला तर शॉर्ट होतो, आणि वॉरंटीवाले हात वर करतात. झाकणाच्या कडेला आणि स्पीकरमध्ये चुंबक असतात, तिथं भुगा मिशांसारखा उभा राहतो. तो पुसताना फडक्यानं घासू नका, स्क्रीनवर ओरखडे उठतात. चिकटपट्टी हलकी दाबून उचला. आणि धूळ काढायला कॉम्प्रेसरची एअर गन मारायचा मोह तुमच्याकडच्या पोरांना होणारच, त्यांना आधीच बजावून ठेवा. त्या हवेत पाणी आणि तेल असतं, शिवाय फॅन भलत्या वेगानं फिरून बेअरिंग जातं. वर्षातून एकदा मागचं झाकण उघडून, फॅनचं पातं बोटानं धरून, मऊ ब्रशनं झाडून घ्या.