वाचकांचे प्रश्न : कपाट कोणतं?

प्रश्न : सर, दारव्ह्याकडच्या आमच्या वाचनालयात दोनच कपाटं आहेत. कणभौतिकीचं (अणूच्या आतल्या बारीक कणांचं) पुस्तक कोणीतरी शेतीत ठेवलं होतं! मॉरिशसच्या मराठी लोकांवरचंही एक आलंय. कुठं ठेवू?

उत्तर : शेतीत? ज्वारीची कणी समजले का बाप्पा! पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या ड्यूईच्या दशांश पद्धतीत (१८७६) कणभौतिकी ५३९.७ मध्ये. झालं.

मॉरिशसचं मात्र अडतं. १८३४ पासून गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, तिकडं गेले. त्यांच्यातल्या मराठी घरांची पणतवंडं आजही स्वतःला मराठी म्हणवतात. इतिहास म्हणाल तर ९६९.८२, स्थलांतर म्हणाल तर ३०४.८. मी असलं पुस्तक बरीच वर्षं इतिहासात ठेवलं, धूळ खात राहिलं. गाव सोडून वीटभट्टीवर जाणाऱ्या मजुरांवरच्या पुस्तकाशेजारी, स्थलांतरात, सरकवलं, तर आठवड्यात पोरी घेऊन गेल्या. तुम्हीही ३०४.८ च लिहा, भाऊ. पेन्सिलीनं.