हिमेजीला जातेयस तर हे वाचून जा

अगं पोरी,

परवा फोनवर म्हणालीस की ओसाकाला येऊन पाच महिने झाले, ऑफिस, रूम आणि सुपरमार्केट यापलीकडे काही बघितलंच नाही, तर शनिवारी ओसाकाचा किल्ला तरी उरकून टाकते. तेव्हा मी घाईत होते म्हणून बोलले नाही, आता सविस्तर लिहितेय. ओसाकाचा किल्ला तू कधीही बघशील, गावातच आहे, एखाद्या संध्याकाळी चक्कर मार. पण अख्खा दिवस काढणार असशील तर तो हिमेजीच्या किल्ल्याला दे. ओसाकाच्या किल्ल्याचा मुख्य मनोरा 1931 साली काँक्रीटमधे बांधलाय, आत लिफ्ट आहे, म्युझियम आहे, छानच आहे ते सगळं, पण हिमेजीचा मनोरा 1609 साली पुरा झालेला, लाकडाचा, आणि तोच आजही उभा आहे. असे जुने मूळ मनोरे आता जपानभर फक्त 12 उरलेत आणि त्यातला सगळ्यात मोठा हा.

मी पहिल्यांदा गेले ती साकुराच्या, म्हणजे चेरी फुलण्याच्या, दिवसात, रविवारी, आणि पोचायलाच साडेबारा वाजले. रांगेतून वर, फोटो, रांगेतूनच खाली. घरी आल्यावर आईने फोनवर विचारलं काय काय बघितलंस, तर पांढरा किल्ला एवढंच सांगता आलं मला, खूप वाईट वाटलं त्याचं. दुसऱ्या खेपेला तिथे एक वयस्कर स्वयंसेवक गाइड भेटले, त्यांनी पहिल्या मोठ्या दरवाजाच्या आत, हिशी-नो-मोनपाशी, थांबवलं आणि म्हणाले, वरती बघत चालू नका, तुम्ही हा किल्ला जिंकायला आलायत असं समजून चाला. तुला माझं सांगणं तेवढंच आहे बघ, बाकी सगळं त्याच्यातच येतं.

तू रायगड केलायस, महादरवाजा आठवतो ना, दोन बुरुजांच्या मधे लपलेला, समोर येईपर्यंत दिसतच नाही, आणि तिथवर येशील तेव्हा दोन्ही बाजूंनी माऱ्यात सापडलेली असतेस. इथे तोच विचार, फक्त डोंगर लहान म्हणून रस्ताच वळवून वळवून लांब केलाय. दरवाजांना नावं इ, रो, हा, नि अशी आहेत, म्हणजे जपानी जुन्या मुळाक्षरांच्या क्रमाने, आपण अ आ इ ई दरवाजा म्हणावं तसं. मनोरा अगदी समोर दिसत असतो, आता पोचलोच असं वाटतं, आणि वाट उलटीकडे वळते, मधेच चक्क खाली उतरते. पुढे एक दरवाजा इतका बुटका की वाकूनच जावं लागतं, म्हणजे चिलखत घातलेले शंभर जण आले तरी आत एकेकटाच शिरणार. भिंतींना त्रिकोणी, चौकोनी, गोल भोकं दिसतील, ती शोभेची नाहीत, बंदूक आणि बाण मारायला आहेत. एका भोकाशी वाक आणि आतल्या बाजूने बघ, आतून रुंद आणि बाहेर निमुळतं, म्हणजे आतल्याला सगळी वाट दिसते आणि बाहेरच्याला नुसतं एक भोक. मी तिथे वाकले तर खालच्या वाटेवरून वर येणारी माणसं एकेक करून समोर येत होती, अंगावर काटा आला माझ्या.

आणि एवढं सगळं करून हा मनोरा उभा राहिल्यावर मोठी लढाई इथे झालीच नाही. इथला सरदार इकेदा तेरुमासाने तो 1601 पासून बांधायला घेतला, हा तोकुगावा इएयासुचा, म्हणजे तेव्हा जपानची सत्ता हातात असलेल्या शोगुनचा, जावई. छपरांच्या कडेच्या गोल कौलांवर त्याच्या घराण्याचं चिन्ह, फुलपाखरू, आहे, ते शोध. किल्ल्याला खरा धोका नंतर आला, 3 जुलै 1945 च्या रात्री विमानांनी हिमेजी शहर जाळलं, एक आगीचा बॉम्ब मनोऱ्यावरही पडला पण फुटला नाही, सकाळी सगळीकडे राख आणि मधे हा तसाच उभा. स्टेशनपासून किल्ल्यापर्यंतचा तो सरळ रुंद रस्ता चालताना हे लक्षात ठेव, आजूबाजूचं सगळं नंतरचं आहे.

मनोऱ्यात शिरताना बूट काढून पिशवीत घालून हातात धरायचे असतात, म्हणून बॅग पाठीवरचीच घे, आणि मोजे चांगले पकड असलेले घाल, जिने शिडीसारखे उभे आहेत आणि लाकूड झिजून गुळगुळीत झालंय. आत सामान काही नाही, लोक म्हणतात रिकामं आहे आणि भराभर वर जातात. तू जाऊ नकोस. बाहेरून पाच मजले दिसतात, आत सहा आणि खाली तळघर, आणि हे सगळं मुख्यतः दोन खांबांनी धरलंय, पूर्वेचा आणि पश्चिमेचा, प्रत्येकी साधारण 25 मीटर, तळापासून थेट वरपर्यंत गेलेले. 1956 ते 1964 मधे सगळा मनोरा सुटा करून परत जोडला, तेव्हा पश्चिमेचा खांब बदलावा लागला, त्यासाठी एक मोठं झाड तोडून आणलं तर ते आणतानाच मोडलं, मग दुसरं झाड आणून दोन्ही मिळून एक खांब केला. तिसऱ्या मजल्यावर तो जोड आहे, थांबून बघ. माझ्यासाठी अख्ख्या किल्ल्यात ती जागा सगळ्यात जवळची आहे, कारण जपणं म्हणजे काय ते तिथे दिसतं, नुसतं पत्रा मारून बोर्ड लावलेला नाही. पांढरा रंगही रंग नाहीये, चुन्याचा गिलावा आहे, त्यात समुद्री शेवाळाचा चिक आणि तागासारखे धागे, आणि कौलांच्या सांध्यांवरपण तोच म्हणून छप्परसुद्धा पांढरं. आग लागू नये म्हणून ते. आपले मराठ्यांचे 12 किल्ले 2025 मधे युनेस्कोच्या यादीत गेले, हिमेजी 1993 पासून आहे, म्हणून मला वाटतं आपल्यातल्या प्रत्येकाने हे काम डोळ्याने बघावं.

बाकी जाण्याचं सोपं आहे. ओसाका स्टेशनवरून शिनकाइसोकु, म्हणजे साधी जलद गाडी, पकड, तासाभरात हिमेजी, साधारण दीड हजार येन, शिनकानसेनची, म्हणजे बुलेट ट्रेनची, गरज नाही. किल्ला 9 ला उघडतो, त्या वेळेला दारात हवीस. मार्च 2026 पासून बाहेरगावच्यांना तिकीट 2500 येन झालंय, महाग वाटेल, पण देऊन टाक. दुपारी शेजारची कोको-एन बाग बघ, आणि खायला स्टेशनजवळ बदामाच्या बटरचा टोस्ट मिळतो, तिथली खासियत आहे, तुला शाकाहारात चालेल.

दमली नसशील तरी पुढे ओकायामा शहराला जाऊ नकोस, ते वेगळ्या दिवशी. तिथल्या कोराकुएन बागेवरूनच पुण्यात सिंहगड रोडला पु. ल. देशपांडे उद्यान केलंय, तू लहानपणी तिथे आजीबरोबर जायचीस म्हणालीस ना, तर ती बाग मला तुझ्याबरोबर बघायचीय.

शनिवारी गाडीत बसलीस की मेसेज टाक. आणि फुलपाखराच्या कौलाचा फोटो पाठव, माझा त्या दिवशी हलला होता.

तुझी ताई