पहिलवानाच्या मांडीचे पोपडे

प्रश्न : जनता वसाहतीत आमच्या मंडळाच्या पोरांनी भिंतीवर पहिलवान रंगवला. एका पावसाळ्यात मांडीपासून खाली पोपडे निघाले. रंग हलका होता का?
— एक वाचक, पर्वती पायथा

उत्तर : रंगाला कशाला बोल लावता? पोपडे बुडापासून निघालेत, म्हणजे ओल जमिनीतून चढतेय. भिंत वाळताना तिच्यातले क्षार रंगाखाली साचतात आणि रंग उचलतात. वर ऑइलपेंट असेल तर विचारूच नका, ओलीला वाटच राहत नाही. मी जन्मभर पाट्या रंगवल्या; आधी भिंत नखाने खरवडायची, पांढरी भुकटी आली की ब्रश खाली.

नळाचं पाणी बुडाशी मुरतंय का, ते आधी बघा. भुकटी कोरड्या ब्रशने झाडा, धुऊ नका. उन्हाळाभर वाळू द्या, मग मांड्या रंगवा. मिशांना मात्र हात लावू नका, फोटोत पाहिल्या, झकास जमल्यात.