धोका दुप्पट, पण कशाच्या?

काल रात्री तुझ्या औषधाच्या अभ्यासावरच्या पेपरचा ड्राफ्ट वाचला. मेहनत दिसतेय, पण पहिल्याच ओळीत 'धोका दुप्पट' लिहिलंयस आणि मूळ धोका किती ते कुठेच नाही. लाखात एकाचे दोन झाले का शंभराचे दोनशे?

डॉल आणि हिल यांनी १९५१ मध्ये सुरू केलेला ब्रिटिश डॉक्टरांचा अभ्यास आठव. फुप्फुसाच्या कॅन्सरने वर्षाला लाखामागे मृत्यू सिगारेट ओढणाऱ्यांत १४०, न ओढणाऱ्यांत १०, म्हणजे रिलेटिव्ह रिस्क, दोन्हींचा भागाकार, १४. हृदयविकारात ६६९ आणि ४१३, रेशो जेमतेम १.६. आता वजाबाकी कर, कॅन्सरचे जादा मृत्यू १३० आणि हृदयविकाराचे २५६! कारण शोधायचं तर रेशो बघ, सिगारेट सुटली तर किती जीव वाचतील हे सांगायचं तर फरक बघ, आणि पेपरात दोन्ही दे.

सॅम्पल वाढवला की बायस, म्हणजे एकाच बाजूला झुकवणारी चूक, जाईल हे मात्र डोक्यातून काढ. कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे आकड्याच्या अंदाजाचा पट्टा, तेवढा अरुंद होतो, चुकीचा आकडा उलट जास्त ठाम वाटायला लागतो. अमेरिकेत १९७६ ला सुरू झालेल्या नर्सेसच्या कोहोर्टमध्ये, म्हणजे वर्षानुवर्षं नुसता माग ठेवलेल्या गटात, सव्वा लाखाच्या आसपास बायका होत्या, त्यात पाळी थांबल्यावर हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्यांना हृदयविकार कमी दिसला, आणि २००२ मध्ये मोठी ट्रायल, जिथे गोळी कुणाला द्यायची ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं, थांबवली तेव्हा तिथे गोळ्या घेणाऱ्यांत हृदयविकार थोडा जास्तच निघाला. वयाचा, गोळ्या कधी सुरू केल्या याचा भाग त्यात आहेच, पण अशा गोळ्या घेणाऱ्या बायका मुळात तब्येतीला जपणाऱ्या असतात हेही आहे.

तुझ्या टेबल ३ ची मला खरी काळजी वाटते. 'सहा महिने औषध पूर्ण घेतलेले' हा ग्रुप केलायस आणि किती जगले ते मोजायचं घड्याळ पहिल्या दिवसापासून चालू. अरे, त्या ग्रुपात यायला सहा महिने जगावंच लागतं ना, जो तिसऱ्या महिन्यात गेला तो औषध घेत असूनही 'न घेतलेल्यां'त पडला, मग औषध गुणकारी दिसणारच. सगळ्यांचं घड्याळ सहाव्या महिन्यापासून लाव, तोवर जिवंत असलेलेच धर.

आणि १८ टक्के लॉस्ट टू फॉलो-अप, म्हणजे पुढे माग न लागलेले, एका ओळीत उरकू नकोस. माझ्या पहिल्या कोहोर्टमध्ये फोन न लागलेले मी सरळ गाळले होते, नंतर घरी जाऊन बघितलं तर त्यातले बरेच वारलेले. दार उघडलेल्या एका मुलीने बाबांचा फॉलो-अपचा कागद जपून ठेवला होता, तो आणून दिला.

गळालेल्यांचं बेसलाइन, म्हणजे सुरुवातीला नोंदलेली माहिती, वेगळं काढून पाठव, वय आणि आजाराची स्टेज आधी बघू.