दोन सर्व्हर असलेल्या छोट्या संस्थेने व्हर्च्युअलायझेशनसाठी (एकाच सर्व्हरवर अनेक आभासी संगणक, म्हणजे व्हीएम, चालवण्यासाठी) कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

दोनच सर्व्हर आणि परवान्यासाठी बजेट नसेल, तर सरळ प्रॉक्समॉक्स व्हीई हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. बॅकअप, लाइव्ह मायग्रेशन (चालू व्हीएम न थांबवता दुसऱ्या सर्व्हरवर हलवणं) सगळं फुकट मिळतं. याच कामाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या व्हीएमवेअरने ब्रॉडकॉम कंपनीकडे गेल्यावर डिसेंबर 2023 मध्ये कायमचे परवाने विकणंच बंद केलं. प्रॉक्समॉक्स इन्स्टॉल झाल्यावर एंटरप्राइझ रिपॉझिटरी (पैसे भरणाऱ्यांसाठीचा अपडेटचा स्रोत) बंद करून मोफत नो-सबस्क्रिप्शन रिपॉझिटरी चालू करा, नाहीतर अपडेट करताना 401 (परवानगी नाही) एरर येते. दोन्ही सर्व्हर जोडून एक गट (क्लस्टर) करणार असाल, तर त्यात प्रत्येक सर्व्हरला एक मत असतं; तिसऱ्या मतासाठी जुन्या पीसीवर क्यूडिव्हाइस (फक्त मत देणारं छोटं सॉफ्टवेअर) बसवाच. ते नसेल तर एक सर्व्हर पडला की कोरम (मतांचं बहुमत) जातो आणि उरलेल्या सर्व्हरवर बंद व्हीएम सुरूच होत नाही. मात्र सगळं काम विंडोजवरच असेल आणि विंडोज सर्व्हर स्टँडर्डचा परवाना आधीच घेतलेला असेल, तर त्यातलंच मायक्रोसॉफ्टचं व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअर हायपर-व्ही बरं: त्याच परवान्यात दोन विंडोज व्हीएम चालवता येतात.